जाब द्यायचा कोणी?

नोकरीच्या अर्जात एक रकाना असतो : ‘यापूर्वीची नोकरी सोडण्याचे कारण’. धडधाकट माणसाच्या दृष्टीने हा रकाना म्हणजे निव्वळ उपचार. ‘अधिक चांगल्या संधीसाठी’ असे तीन शब्द लिहिले की तो मोकळा होतो. परंतु ज्याच्या हाताची दोन बोटे प्रेसखाली चिरडली, ज्याला भट्टीच्या धगीने कमी दिसू लागले, ज्याला पाळीवर असताना फिट आली आणि दुसऱ्या दिवशी गेटपास मिळाला नाही, त्याचे पेन नेमके याच रकान्यापाशी अडखळते. खरे लिहावे तर अर्ज तिथेच बाजूला ठेवला जातो. अर्धे लिहावे तर मधल्या रिकाम्या वर्षांचा हिशेब मागितला जातो. खोटे लिहावे तर सद्‌सद्विवेकबुद्धी टोचते, आणि उद्या ते उघडकीस आले की ‘फसवणूक केली’ म्हणून मिळालेली नोकरीही जाते. वाटा तीन, पण तिन्हींच्या शेवटी दार एकच, आणि तेही बंद.

अशा माणसाला आपण सल्ले पुष्कळ देतो. काय बोलावे, काय गाळावे, हात खिशात कसा ठेवावा, येथपर्यंत सांगतो. पण तो प्रश्नच त्याला का विचारला जावा, हे विचारण्याचे धाडस आपण करीत नाही. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे : अपंगत्वामुळे ज्याची नोकरी गेली त्याच्याकडून त्या नोकरीचा जाब मागणे हा अन्याय आहे, जाब द्यायचा असेल तर तो ज्याने नोकरी घेतली त्याने दिला पाहिजे, आणि या अन्यायात आपला समाज, आपले धर्मग्राम आणि आपल्या संस्था नकळत सामील आहेत.

मराठी भाषेने या बाबतीत मालकवर्गावर मोठेच उपकार करून ठेवले आहेत. आपण म्हणतो, ‘बोट गेले’, ‘डोळा गेला’, ‘नोकरी गेली’. जणू काही बोट आपल्या पायांनी चालत गेले आणि नोकरीही त्याच्या मागोमाग निघून गेली! या वाक्यांत कर्ता नाही. यंत्राला संरक्षक जाळी का नव्हती, सलग दुसरी पाळी करायला कोणी लावली, जखम भरून आल्यावर ‘आता तुझे इथे काय काम?’ असे कोणी सुनावले, हे सारे त्या एका ‘गेली’ या क्रियापदात गडप होते. मग उरतो फक्त तो माणूस आणि त्याचे व्यंग. मुलाखतीच्या टेबलापलीकडून जेव्हा विचारले जाते, ‘नोकरी का गेली?’ तेव्हा विचारणारा त्या वाक्यातला बेपत्ता कर्ता शोधीत नसतो. समोरच्या खुर्चीवर बसलेल्यालाच तो कर्त्याच्या जागी बसवीत असतो.

पालघर-बोईसर पट्ट्यात हा प्रश्न कल्पनेतला नाही. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले. बोईसरच्या माळावर औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत उभी राहिली. रसायने, औषधे, कापडाची रंगाई, पोलाद, यंत्रांचे सुटे भाग असे नाना उद्योग आले. शेतीवर आणि मासेमारीवर जगणारा हा प्रदेश पाळ्यांच्या भोंग्यावर उठूबसू लागला. आपल्या समाजातील माणसेही तेथे गेली : वसईकडून गाडीने ये-जा करणारी, डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरून येणारी आदिवासी ख्रिस्ती मुले, मंगळूर-केरळाकडून येऊन येथेच स्थायिक झालेली कुटुंबे. या वसाहतीने अनेकांना पक्के घर दिले, मुलांना शिक्षण दिले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु तिने आणखीही काही दिले. ११ जानेवारी २०२० रोजी तारापूरच्या एका रसायन कारखान्यात स्फोट झाला, तेव्हा मृतांचे आकडे वर्तमानपत्रांत आले. ते यायलाच हवे होते. पण जे मरत नाहीत, फक्त एखादे बोट, एखादा कान, एखादे फुप्फुस मागे ठेवून घरी परततात, त्यांची बातमी होत नाही. त्यांच्यासाठी मेणबत्त्या लागत नाहीत. त्यांना पुढची तीस वर्षे जगायचे असते, आणि जगण्यासाठी पुन्हा एखाद्या फाटकाशी अर्ज घेऊन उभे राहायचे असते.

आता हे पाहा की, अशा माणसाची नोकरी प्रत्यक्षात संपते कशी. तो कायम कामगार असला तर काही कागद तरी होतात. परंतु वसाहतीत काम करणारे पुष्कळसे हात ठेकेदाराचे असतात. ठेकेदार पत्र देत नाही. तो हजेरीपटावर नाव लिहायचे थांबवतो, एवढेच. दवाखान्यातून परतलेला कामगार फाटकाशी जातो, तर यादीत त्याचे नाव नसते. कामावरून काढल्याचा कागद नाही, अपघाताची नोंद नाही, अनुभवाचा दाखला नाही. ज्याच्या हाती आपल्या नोकरीच्या शेवटाचा एकही पुरावा दिला गेला नाही, त्यालाच पुढे त्या शेवटाचे सविस्तर स्पष्टीकरण विचारले जाते! ज्याने कागद दिला नाही त्याला कोणी काही विचारीत नाही.

कायदा तरी काय करीत होता? १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगार कपातीची व्याख्या होती, आणि त्या व्याख्येतून एक अपवाद मोठ्या सफाईने वगळलेला होता : सततच्या आजारपणामुळे सेवा संपवली तर ती कपात धरायची नाही. म्हणजे कपातीची भरपाईही नाही. यंत्रावर काम करून डोळे अधू झाले, तरी कायद्याच्या लेखी तो केवळ ‘प्रकृती ठीक नसलेला’ कामगार. राजस्थानच्या राज्य परिवहन महामंडळातील काही चालकांची दृष्टी मंदावली म्हणून त्यांना घरी पाठवण्यात आले, आणि आनंद बिहारी यांच्या नावाने ओळखला जाणारा तो खटला १९९१ साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. न्यायालयाने व्याख्येपुढे मान तुकवली. ही कपात नव्हे असेच म्हटले. पण तेवढ्यावर ते थांबले नाही. वर्षानुवर्षे गाडी हाकण्याच्या कामातूनच जो धोका उद्भवतो, त्याचे ओझे एकट्या चालकावर टाकणे अन्यायाचे आहे, असे सांगून त्याने पर्यायी काम किंवा सेवाकालाच्या प्रमाणात भरपाई देण्याची योजना आखून दिली. कायद्याच्या अक्षरापलीकडे जाऊन न्यायालयाने जो प्रश्न विचारला तो महत्त्वाचा आहे. त्याने चालकाला ‘तुझे डोळे का गेले?’ असे विचारले नाही. त्याने महामंडळाला विचारले, ‘तुमच्या कामात डोळे गमावलेल्यांसाठी तुम्ही काय केले?’

नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रमसंहिता अमलात आल्या आणि १९४७ चा तो कायदा इतिहासजमा झाला. पण त्याने घडवलेली मनोवृत्ती इतिहासजमा झालेली नाही.

दरम्यान अपंगांसाठी स्वतंत्र कायदे झाले. १९९५ च्या कायद्याच्या ४७ व्या कलमाने सांगितले की, सेवेत असताना अपंगत्व आले म्हणून कर्मचाऱ्याला काढता येणार नाही. कुणाल सिंग या जवानाचा पाय कर्तव्यावर असताना झालेल्या दुखापतीमुळे कापावा लागला आणि त्याला सेवेतून कमी करण्यात आले. २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाचा आधार देऊन त्याला न्याय दिला. २०१६ च्या नव्या कायद्याने ते संरक्षण २० व्या कलमात कायम ठेवले आणि अपंगत्वाचे प्रकार एकवीस केले. त्यांत मानसिक आजारही आहे. केंद्रीय राखीव पोलीस दलातील रवींद्रकुमार धारीवाल यांच्या प्रकरणात २०२१ साली न्यायालय आणखी एक पाऊल पुढे गेले : मानसिक आजारामुळे घडलेल्या वर्तनाला सरळ बेशिस्त ठरवून शिस्तभंगाचा बडगा उगारणे हाही भेदभाव होऊ शकतो, असे त्याने म्हटले. २०२५ साली तेलंगणच्या परिवहन महामंडळातील एका चालकाला रंगांधळेपणाच्या कारणावरून निवृत्त केल्याचे प्रकरण आले. त्यालाही योग्य ते दुसरे काम द्या, असा आदेश झाला.

हे सारे वाचून समाधान वाटते. पण वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. यांतला प्रत्येक जण सरकारी किंवा निमसरकारी सेवक होता. सेवेत आलेल्या अपंगत्वापासूनचे ते मजबूत संरक्षण सरकारी आस्थापनेपुरतेच आहे. सरकारी नोकरीत चार टक्के जागा राखीव आहेत. खासगी मालकाला मात्र ३५ व्या कलमाने प्रोत्साहनाचे गाजर दाखवले आहे, सक्ती केलेली नाही. खासगी आस्थापनेनेही समान संधीचे धोरण जाहीर करावे, असे २१ वे कलम आणि २०१७ चे नियम सांगतात. वीस किंवा अधिक माणसे कामाला असतील तर अपंगांना योग्य अशा जागांची यादी आणि निवडीची पद्धतही त्या धोरणात हवी. बोईसरच्या वसाहतीतून एक चक्कर मारावी आणि किती फाटकांवर, किती कार्यालयांच्या भिंतींवर हे धोरण लावलेले दिसते ते स्वतःच मोजावे. गेल्या दहा वर्षांत सरकारने ‘अपंग’ हा शब्द पुसून ‘दिव्यांग’ असा शब्द रूढ केला. शब्द बदलला, अर्जातला रकाना बदलला नाही. देहाला दिव्य म्हणायचे आणि त्याच देहाला फाटकाबाहेर उभे करायचे, हा सन्मान नव्हे.

येथे कोणी उद्योजक म्हणेल, आणि आपल्या समाजातही आता गाळे घेऊन उद्योग करणारे आहेत : ‘माझ्याकडे यंत्रे आहेत, ज्वालाग्राही द्रव्ये आहेत. उद्या काही घडले तर जबाबदारी माझी. मी विचारायचेच नाही का?’ हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. विचारावे, अवश्य विचारावे. ‘हे काम असे असे आहे, ते तुम्हाला करता येईल का? करण्यासाठी तुम्हाला काय लागेल?’ हे दोन प्रश्न विचारण्याचा मालकाला पूर्ण अधिकार आहे. उंचावर चढण्याचे काम असेल तर फिट येते का, हे विचारणे त्या माणसाच्याही हिताचे आहे. पण हे प्रश्न उद्याच्या कामाविषयीचे आहेत. ‘मागची नोकरी का गेली?’ हा प्रश्न कालच्या मालकाच्या निर्णयाविषयीचा आहे, आणि तो निर्णय या माणसाने घेतलेलाच नव्हता. मागचा मालक भित्रा होता, कंजूष होता की अज्ञानी, यावरून या माणसाची कुवत कशी ठरणार? कायद्याने ज्याला वाजवी सोय म्हटले आहे ती बहुधा मोठी नसते : बसायला उंच स्टूल, रात्रपाळीतून सूट, डाव्या हाताने चालवता येईल असा खटका, तोंडी सूचनेऐवजी लिहून दिलेली सूचना. मागच्या ठिकाणी तेवढेही मिळाले नसेल, तर ते त्या माणसाचे अपयश कसे?

दुसरा आक्षेप आपल्याच मंडळींकडून येतो आणि तो अधिक नाजूक आहे. ‘ख्रिस्ती माणसाने खोटे बोलू नये, मग सारे सांगून का टाकू नये?’ खोटे बोलू नये, यात वाद नाही. पण खोटे न बोलणे आणि विचारील त्याला सर्व काही सांगत सुटणे, यांत फरक आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाने आठव्या आज्ञेच्या विवेचनात (२४८८ व २४८९) हा फरक स्पष्ट केला आहे : सत्य जाणून घेण्याचा हक्क बिनशर्त नसतो, आणि ज्याला तो हक्क नाही त्याला सत्य उघड करून सांगण्याचे बंधन कोणावर नसते. तेव्हा उमेदवाराने खोटे कारण रचू नये, पण आपली जखमही टेबलावर उलगडून ठेवू नये. ‘त्या ठिकाणी माझ्या प्रकृतीला मानवेल अशी सोय झाली नाही. आता मी अमुक काम करू शकतो. त्यासाठी मला एवढे लागेल.’ ही तीन वाक्ये पुरेशी आहेत. त्यांत असत्य नाही, मागच्या मालकाची निंदा नाही आणि क्षमायाचनाही नाही. क्षमा मागण्यासारखे त्याच्या हातून काही घडलेलेच नाही.

येथे मला संत योहानाच्या शुभवर्तमानातला नववा अध्याय आठवतो. जन्मांध माणूस रस्त्याकडेला बसलेला आहे आणि शिष्य विचारतात : पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? त्यांच्या प्रश्नात दोनच पर्याय होते आणि दोन्ही त्या घरातच जाऊन पोहोचत होते. येशूने दोन्ही पर्याय फेटाळले. त्याने उत्तर दिले त्याआधी प्रश्नच मोडून टाकला. पण अध्याय तेथे संपत नाही. त्या माणसाला दृष्टी आल्यावर त्याची चौकशी सुरू होते. त्याला बोलावतात, आईबापांना बोलावतात, पुन्हा त्याला बोलावतात. आईबाप सभास्थानातून बहिष्कृत होण्याच्या भीतीने म्हणतात : तो मोठा आहे, त्यालाच विचारा. अखेरीस तो कंटाळून म्हणतो की, एकदा सांगितले ना, मग पुन्हा का ऐकायचे आहे? आणि ते त्याला हाकलून देतात. जो बरा झाला, ज्याने काही लपवले नाही, तोच बाहेर! आपल्या मुलाखतींची कार्यपद्धती दोन हजार वर्षांत फारशी बदललेली नाही. बदलले नाही ते आईबापांचे भयही : मुलीचे लग्न व्हायचे आहे, लोक काय म्हणतील, म्हणून थोरल्याची फिट घरात झाकली जाते आणि त्याची गेलेली नोकरीही झाकली जाते. मात्र त्या अध्यायात पुढे एक वाक्य आहे, ज्याकडे आपले लक्ष जात नाही. त्याला हाकलून दिल्याचे येशूच्या कानी आले, आणि येशूने त्याला शोधून काढले.

ख्रिस्तसभेने शोधायला जायचे ते असे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली मानवी श्रमावर ‘लाबोरेम एक्झर्चेन्स’ हे विश्वपत्र लिहिले. त्याचा २२ वा परिच्छेद अपंग माणूस आणि श्रम या विषयाला वाहिलेला आहे. केवळ पूर्ण सक्षम असलेल्यांनाच कामात आणि समाजजीवनात स्थान देणे म्हणजे निरोगी व बलवान माणसांनी दुबळ्या व आजारी माणसांवर केलेला गंभीर भेदभाव होय, असा त्याचा आशय आहे. तेथे दयेची भाषा नाही, हक्काची आहे. संत जेरोम यांनी मत्तयाच्या शुभवर्तमानावरील भाष्यात एक जुनी परंपरा नोंदवून ठेवली आहे : सभास्थानातला तो वाळलेल्या हाताचा माणूस गवंडी होता, हातांच्या कष्टावर पोट भरणारा, लाजिरवाणी भीक मागावी लागू नये म्हणून त्याने हात बरा करण्याची विनवणी केली. म्हणजे तोही एक काम गेलेला कारागीरच. येशूने त्याला सभेच्या मध्यभागी उभे केले आणि प्रश्न विचारला तो सभेला.

आणि आपण काय करतो? कामासाठी धडपडणारा तरुण फादरांकडे येतो. त्याला शिफारसपत्र मिळते, आणि त्या पत्रात बहुधा असते : ‘मुलगा गरीब व अपंग आहे, सहानुभूतीने विचार व्हावा.’ हेतू निर्मळ असतो, पण त्या एका वाक्याने त्याची सारी कारागिरी पुसली जाते. त्याने आठ वर्षे लेथ चालवला, नवशिक्यांना काम शिकवले, नकाशा त्याला वाचता येतो, हे त्या पत्रात नसते. सहानुभूती मागितली की सहानुभूतीच मिळते. पगार मिळत नाही. पत्र द्यायचेच तर दाखल्यासारखे द्यावे : याला हे हे काम येते, आम्ही याला ओळखतो.

वसई धर्मप्रांत १९९८ साली स्थापन झाला. त्याच्या कक्षेत शाळा आहेत, दवाखाने आहेत, पतसंस्था चालवणारे आपले लोक आहेत. या सर्वांपुढे माझ्या मागण्या अगदी छोट्या आहेत. आपल्या संस्थांच्या अर्जांतून ‘नोकरी सोडण्याचे कारण’ हा रकाना काढून टाकावा आणि त्या जागी ‘काम करण्यासाठी आपणास कोणती सोय लागेल?’ असा रकाना घालावा. कायद्याला अभिप्रेत असलेले समान संधीचे धोरण मराठीत लिहून दर्शनी भागात लावावे. आपण लावले नाही तर बोईसरच्या कारखानदाराला सांगण्याचा आपल्याला अधिकार नाही. प्रत्येक धर्मग्रामात दोन-तीन माणसे अशी असावीत की, कोणाला कामावर दुखापत झाली तर त्याच आठवड्यात अपघाताची नोंद, विम्याचे कागद आणि अपंगत्वाचे प्रमाणपत्र यांच्यामागे ती लागतील. वर्षभराने केलेली धावपळ बहुधा फुकट जाते, कारण तोवर हजेरीपटही बदललेला असतो आणि ठेकेदारही. ज्या उद्योजकांचे गाळे आहेत त्यांनी ठेकेदाराला एक अट घालावी : जखमी कामगाराचे नाव पटावरून काढायचे तर लेखी कारण द्यायचे. ज्याला कारण लिहावे लागते तो नाव काढण्यापूर्वी दोनदा विचार करतो.

द्राक्षमळ्याचा दाखला आपण दरवर्षी ऐकतो आणि उशिरा आलेल्यांना पूर्ण मजुरी मिळाली, याचे नवल करीत घरी जातो. त्यातला एक प्रश्न मात्र कानांवरून निसटतो. दिवस मावळायच्या सुमारास मालक बाजारात जातो आणि तेथे उभ्या असलेल्यांना विचारतो की, दिवसभर रिकामे का उभे आहात? हाही खुलासा मागणारा प्रश्नच आहे. ते सांगतात : आम्हाला कोणी कामाला लावले नाही. बस्स, एवढेच उत्तर. सकाळी का लावले नाही, आधी कोणाकडे होतात, त्याने का काढले, हात पाहू, दाखला दाखवा, असे तो मालक काहीही म्हणत नाही. कोणी लावले नाही यात दोष लावणाऱ्यांचा आहे, हे त्याला एका वाक्यात समजते, आणि तो म्हणतो, तुम्हीही मळ्यात जा.

बोईसरच्या नाक्यावर, पालघरच्या स्थानकाबाहेर आजही माणसे उभी आहेत. त्यांनी आपले उत्तर केव्हाच दिले आहे. आता मळ्याच्या मालकांनी बोलायचे आहे.